मशीन कमी पडते

जुनं मशीन बघायला जाताना स्वतःचे स्पीकर सोबत नेणारा माणूस मी एकच पाहिला. पॉवर अँप्लिफायरला आमच्या पिंपळगाव राजात मशीनच म्हणतात, आणि त्या माणसाला सगळं गाव 'स्पीकरवाले काका' म्हणायचं. ते स्पीकर छातीएवढे उंच आणि उचलताना कंबर धरेल असे जड. गोधड्यांत गुंडाळून ते माझ्या दुकानाच्या मालवाहू ऑटोत आम्ही आडवे ठेवायचो. मोताळ्याजवळ एकदा एका म्हाताऱ्याने मयत समजून टोपी काढली आणि हात जोडले. मी तोंड फिरवून हसलो. काकांनी मात्र त्याला परत नमस्कार केला.

"लोकायच्या बारक्या डब्यावर कोनतंही मशीन गोड वाजते बे," ते म्हणत. "आपल्या खादाडायले पुरलं पायजे." स्पीकर खरंच खादाड होते. साधं मशीन जोडलं तर आवाज यायचा, पण त्यात जीव नसायचा, आणि जरा वाढवला की चिरका व्हायचा. घरजावयासारखे होते ते, कितीही वाढा, ताट आपलं रिकामंच.

स्पीकर आणले होते त्यांच्या मुलाने, निलेशने. निलेश माझा वर्गमित्र, पुण्यात नोकरीला. तिथल्या एका दुकानात त्याने भैरवीची एक सीडी ऐकली होती. घरी स्पीकर लावल्यावर तीच बापाला ऐकवून तो म्हणाला, "बाबा, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी ती बाई श्वास घेते. इथं तो येऊनच नाही राह्यला. मशीन कमी पडते. पाहू आपन एखादं जुनं." पुण्याला परतताना त्याची गाडी उलटली आणि तो गेला. काकांना तो श्वास ऐकायचा होता, आणि त्यासाठी आम्ही दर रविवारी जिल्हा पालथा घालत होतो.

विकणाऱ्याला काका आधी विचारत, "काऊन विकून राह्यले?" घरचे कटकट करतात, असं उत्तर आलं की त्यांचा विश्वास बसे. अजिबात वापरलं नाही, असं कोणी म्हणालं की ते सावध होत आणि पाय मोकळे सोडून बसत. "थंडं मशीन सज्जन असते. गरम होऊ दे, मंग त्याचे गुन दिसतात." रोहिणखेडच्या साउंडवाल्याने चहावर चहा पाजून आम्हाला उठवायला पाहिलं. काकांनी चहा घेतला, पण हलले नाहीत. थोड्या वेळाने डावी बाजू खरखरली आणि गप्प झाली. साउंडवाला म्हणाला, "काका, तुमचे स्पीकरच खराब हायेत." ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. येताना ते माझ्या शेजारी बसले नाहीत, मागे स्पीकरांवर हात ठेवून बसले.

त्यांच्या एका सवयीची मला भीती वाटायची. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जिथून गाणं सगळ्यात चांगलं ऐकू येतं, तिथे ते एक खुर्ची मांडायला लावत आणि स्वतः बाजूला बसत. परक्याच्या घरात, त्या घरच्या माणसाला उठवून. कोणी "बसा ना" म्हटलं की सांगत, "राहू द्या, हाये." कोण आहे, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. गाणं चालू असताना त्या खुर्चीकडे मला बघवत नसे.

संग्रामपूरचे एक म्हातारे डॉक्टर मुलीकडे कायमचे राहायला चालले होते. त्यांचं मशीन जुनं, पत्र्याला पोचे आलेलं. ते चांगलं तापलं, तरी आवाज हलला नाही. स्पीकर पहिल्यांदाच पोटभर जेवल्यासारखे वाजत होते. पहिला अंतरा संपला, तबला हळू झाला आणि बाईने श्वास घेतला. इतका जवळून, की डॉक्टरांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. काका खुर्चीकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले, पण शब्द मला ऐकू आले नाहीत.

सीडी संपली. काकांनी उठून तारा सोडवल्या आणि डॉक्टरांना म्हणाले, "मशीन चांगलं हाये. पन आमच्या स्पीकरले कमी पडते."

मशीनबद्दल ते कधी खोटं बोलले नव्हते. गाव मागे पडल्यावर मी म्हणालो, "काका, श्वास आलता. मी आयकला."

"हाव, आला."

"मंग काऊन नाही घेतलं?"

त्यांनी मागे वळून स्पीकरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "घेतलं असतं तं त्याचं काम सरलं असतं बे. मंग तो कायले आला असता आपल्यासंग?"

त्यानंतरही आम्ही जात राहिलो. मीही आता घरोघरी मशीनची खोट काढायला लागलो होतो. गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. माझा बाप लहानपणीच गेला, तेव्हा कळलं नव्हतं ते आता कळलं. तेरवी झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. स्पीकर त्यांनी बांधून दाराशी ठेवले होते. तुझ्याकडे ने म्हणतील, असं मला वाटलं. डॉक्टरांना फोन करायचा, मशीन अजून असेल तर आणायचं आणि काकूंना तो श्वास ऐकवायचा, असं मी मनाशी ठरवूनच आलो होतो.

"रविवारी जात जाय बाप्पा," काकू म्हणाल्या. "दोघंही वाट पाह्यतीन."

मी हो म्हणालो आणि उचलायला वाकलो. तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आन खरंच एखादं चांगलं सापडलं, तं मले सांगू नोको."