ताईची जांभई

बल्बच्या कारखान्यात तो भांडारात कारकून होता आणि तिथे सगळे त्याला 'तबकडी' म्हणायचे. 'उडती तबकडी' म्हणायला वेळ लागायचा म्हणून नुसतं तबकडी. फुटक्या बल्बांच्या नोंदी ठेवता ठेवता हा माणूस तीन सूर्यांच्या ग्रहावर कादंबऱ्या लिहायचा. त्या ग्रहावर रात्र होतच नाही. लोक भुयारातला अंधार डब्यात भरून बाजारात विकतात. पाच भाग छापून झाले होते, वाचकांची पत्रं येत होती आणि सहाव्या, शेवटच्या भागासाठी प्रकाशक हात धुऊन मागे लागला होता.

लिहायची त्याची एक रीत होती आणि ती त्याने कुणाला कळू दिली नव्हती. प्रत्येक प्रकरण तो आधी थोरल्या बहिणीला वाचून दाखवायचा. ताई शिंप्यांचे कपडे काज-बटणांसाठी घरी आणायची. ती मान खाली घालून सुई चालवायची, हा समोर पालथ्या डब्यावर बसून वाचायचा. ताईला जांभई आली की प्रकरण बाद. तिथल्या तिथे पानं फाडून तिच्याच चिंध्यांच्या टोपलीत टाकायचा.

"रात्रच नाही, मग तिथले चोर काय करतात रे?" तिने एकदा दोरा तोडता तोडता विचारलं होतं. त्यावर त्याने चोरांचं अख्खं प्रकरण लिहिलं आणि नेमकं तेच लोकांनी डोक्यावर घेतलं. पुस्तकाच्या सुरुवातीला आभार मानले ते मात्र स्वतःच्या कल्पनाशक्तीचे. माणूस मनाने वाईट नव्हता, असं त्याच्या ओळखीचे लोक सांगतात. सांगोत बापडे.

सहावा भाग अर्ध्यावर असताना ताईला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, उजवी पापणी पुरती मिटेना. "मामा, आई काही बोलतच नाहीये," भाची फोनवर रडत होती. त्याला बहिणीची काळजी होतीच, नाही कशाला म्हणा. पण आता शेवट कोण पारखणार, हेही त्याच श्वासात मनात आलं. शेवट फसला तर पाचही भागांवर पाणी पडणार होतं.

इस्पितळात भेटायची वेळ चार ते सहा. हा रोज चारच्या ठोक्याला हजर. काय भाऊ आहे, म्हणून शेजारच्या कॉटवरच्या बायका कौतुक करायच्या. भाची दिवसभर बसून पार थकलेली असायची. मामा आला की ती बाहेरच्या बाकावर जाऊन पाठ टेकायची. मग हा खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला करायचा, कारण उजेडाशिवाय त्याला अक्षर दिसत नव्हतं, आणि पिशवीतून कागद काढायचा.

पहिल्याच दिवशी ताईने डाव्या हाताची बोटं कॉटच्या दांडीवर आपटली. टक, टक, टक. पुढे वाच म्हणतेय, असं समजून तो पुढे वाचत राहिला. आठवड्याभरात तर कमालच झाली. अंधार विकणाऱ्या म्हाताऱ्याचं मरण वाचताना ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पाच भागांत ती एकदाही रडली नव्हती! तो हरखून गेला. घरी जाऊन त्याने म्हाताऱ्याचं मरण आणखी सहा पानं लांबवलं.

"दुपारी लावलेला पडदा रोज कोण उघडतं हो?" नर्सने एकदा दारातूनच विचारलं.

"काय की," तो म्हणाला. खरं सांगितलं असतं तर वाचन बंद पडलं असतं.

सव्वा महिन्यात एक जांभई नाही. एक पान फाडावं लागलं नाही. कागद एका शब्दाचीही काटछाट न होता प्रकाशकाकडे गेले.

पुस्तक आलं आणि तोंडावर आपटलं. म्हाताऱ्याचं मरण वाचता वाचताच बहुतेकांनी ते मिटून ठेवलं. 'हा भाग दुसऱ्याच कुणी लिहिलाय का?' असं एका वाचकाने वर्तमानपत्रात विचारलं. तबकडीने तो कागद चुरगळला आणि तडक बहिणीचं घर गाठलं.

ताई खुर्चीत बसली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. तुटक का होईना, बोलू लागली होती.

"ताई, तू तरी खरं सांग," तो दारातूनच म्हणाला. "म्हातारा मेला तेव्हा तू रडली होतीस ना?"

"ऊन," ताई म्हणाली.

"काय?"

"ऊन. डोळ्यात. पडदा... पडदा लाव... सांगत होते." तिने खुर्चीच्या हातावर बोटं आपटून दाखवली.

भाची आतून आली. "पापणी मिटत नव्हती ना, त्यात रोज समोरून ऊन. बुबुळ सुकून जखम झाली म्हणतात डॉक्टर. त्या डोळ्याने आता दिसायचं नाही. मामा, तू तर रोज तिथेच असायचास!"

त्याने मान खाली घातली. लाज वाटली; खरंच वाटली, थोडा वेळ. मग त्याने हळूच मान वर केली.

"म्हणजे गोष्ट तू ऐकलीच नाहीस?"

ताईने नाही म्हणून मान हलवली.

त्याचा चेहरा एकदम खुलला. त्याने स्टूल तिच्याजवळ ओढलं, पिशवीतून पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.