खांबाजवळचं बॅरल

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मागे आमच्या गल्लीत एकीच्या अंगात आलं होतं... बायका पाया पडत होत्या, ती घुमत होती. मी मागून नुसतं "टँकर आला गं" म्हणून ओरडले. बाई घागर घेऊन सगळ्यांच्या आधी रस्त्यावर. तेव्हापासून गल्लीत मी 'फटकळ लता' म्हणून ओळखली जाते आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण गल्लीत कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

आम्ही जतला राहतो. सांगली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, पलीकडं कर्नाटक. गावाच्या कडेला, विजापूरच्या बाजूला आमची गल्ली, वीस-बावीस घरांची. घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. नवरा फलटणकडं कारखान्यावर नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. नळाची लाइन आमच्या टोकापर्यंत अजून पोचलेली नाही, म्हणून उन्हाळ्यात नगरपालिकेचा टँकर येतो, दिवसाआड, साडेनऊच्या सुमारास.

गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन मीच. टँकर किती वाजता, घंटागाडी का आली नाही, लाइट कधी जाणार, मोतीबिंदूचा कॅम्प कुठं — सगळ्या सूचना मी टाकते. आणि टँकरच्या दिवशी सकाळी बॅरलांच्या रांगेचा एक फोटो. हा नियम मी भांडणं मिटवायला काढला. फोटो टाकला की कुणाला "माझं बॅरल पुढं होतं" म्हणायला जागा राहत नाही.

आता या रांगेबद्दल जरा नीट सांगावं लागेल. प्रत्येक घराचं एक निळं बॅरल, त्यावर पांढऱ्या रंगात नाव. भरलेलं बॅरल दोनशे लिटरचं, ते रोज कोण हलवणार? म्हणून सगळी बॅरलं भिंतीकडेला कायम आपापल्या जागेवर उभी असतात. फक्त पहिली जागा, विजेच्या खांबाजवळची, रिकामी ठेवायची. ती सुतकाची जागा. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरच्यांनी तेरा दिवस पाण्याला उभं राहायचं नाही. गल्लीतल्या चार जणांनी त्यांचं बॅरल उचलून खांबाजवळ ठेवायचं आणि ड्रायव्हरनं आधी ते भरायचं. कुठल्याही जातीचं घर असो, सुतक पाळणारं असो नसो, ही रीत सगळ्यांना. मला तर गल्लीतली ही एकच गोष्ट मनापासून आवडायची.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी बघते तर पवार गुरुजींचं बॅरल खांबाजवळ. मेलेलं कुणी नाही. गुरुजी समोर ओट्यावर पेपर वाचत बसलेले, ठणठणीत. माझं डोकंच फिरलं. त्यांच्या सुनेला हाक मारली.

"काय गं, पाण्यासाठी आता सुतकाची जागा पण सोडंना झालाय का?"

ती घाबरीघुबरी झाली. "आईशप्पत वैनी, आमी न्हाई हलवलं. आन भरलंय की त्ये, मी एकली कशी आनू?"

मी काही ऐकून घेतलं नाही. तिला आणि शेजारच्या दोघांना हाताशी धरून ते बॅरल ढकलत ढकलत मागं लावलं, आणि ग्रुपवर 'कृपया रांगेची शिस्त पाळावी' असं टाकलं. वर नमस्काराचे दोन हात. ढकलताना धुळीत भलामोठा ओरखडा उठला, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत आली होती... खांबाकडं येताना असा ओरखडा कुठंच उमटलेला नव्हता. पण रागात माणूस कुठं एवढा विचार करतं.

दुपारी दीड वाजता गुरुजी गेले. खुर्चीतच, पेपर मांडीवर. संध्याकाळी तेच बॅरल परत खांबाजवळ न्यावं लागलं. सून माझ्याकडं बघत होती आणि मी कुठं बघावं ते मला कळत नव्हतं.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पण पंधरा-वीस दिवसांनी तसंच मगदुमांचं बॅरल पुढं आलेलं. मगदूम अण्णांचं किराणा दुकान आहे, त्यांची आई दोन वर्षं अंथरुणावर होती. या खेपेला मी हातच लावला नाही. कुणाला काही बोललेही नाही. आजी तिन्हीसांजेच्या आत गेल्या. आता अंथरुणाला खिळलेलं माणूस कधी ना कधी जाणारच, असं मी मनाला समजावलं... पण त्या दिवसापासून टँकरच्या दिवशी सकाळी दार उघडायची भीती वाटायला लागली, हे खरं. दार उघडायच्या आधी मी खिडकीच्या फटीतून खांब बघायची.

आता गौराक्काबद्दल. अक्का माझ्या शेजारी राहते, सत्तरीच्या पुढची, एकटी. तिचं माहेर-सासर दोन्ही मेंढरांमागं फिरलेलं, आता उरल्यात दोन शेळ्या. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा आमच्याकडं बॅरलही नव्हतं. पहिल्याच दिवशी अक्का न बोलवता आली आणि दोन घागरी दारात ठेवून म्हणाली, "प्या. वळक मागनं हुईल." जतमध्ये मे महिन्यात कुणी दोन घागरी देणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं. पुढं माझी पोरगी तिच्याच मांडीवर वाढली. मला आई नाही. जे आहे ते अक्काच आहे.

अक्काला वाचता येत नाही, म्हणून तिच्या बॅरलवर नावाऐवजी मेंढी काढलेली आहे. माझ्याच पोरीनं काढलेली, पाच पायांची.

तर त्याच उन्हाळ्यात, टँकरच्या एका सकाळी, सात वाजले असतील, मी फटीतून बघितलं आणि खांबाजवळ ती पाच पायांची मेंढी उभी होती.

मी दार उघडून बाहेर आले. अक्का ओट्यावर मिश्री लावत बसली होती. मोतीबिंदूमुळं तिला लांबचं दिसत नाही.

"काय गं लते, आज टँकर यनार न्हवं?"

"येणार की अक्का." एवढंच कसंबसं बोलले.

आता काय करायचं? गुरुजींचं बॅरल मागं घेतलं तरी गुरुजी गेले. मगदुमांचं तसंच ठेवलं तरी आजी गेल्या. म्हणजे नुसतं मागं घेऊन भागत नाही. ती जागा एकदा मागितली की भरावीच लागते... हे असलं मी, लता, उभ्या उभ्या विचार करत होते. आणि समोरच जाधवकाकांच्या फाटकाशी त्यांचं बॅरल पालथं पडलेलं दिसलं.

जाधवकाका आणि काकू त्याच्या वर्षभर आधीच घराला कुलूप लावून कोरेगावला मुलाकडं गेले. घर रिकामं. मी म्हटलं, ज्या घरात माणूसच नाही त्या घरातनं जाईल कोण? तेव्हा हा विचार मला फार हुशारीचा वाटला होता.

अक्काचं बॅरल अर्धं भरलेलं होतं. मला एकटीला हलेना. कुणाला बोलवायची सोय नव्हती. शेवटी मी ते कलंडवलं. पाणी भडाभडा गटारीकडं गेलं... आमच्याकडं चूळ भरलेलं पाणीसुद्धा झाडाला घालतात, आणि मी सात-आठ घागरी पाणी मातीत सांडत होते. रडू येत होतं.

"कुनाचं पानी सांडाय लागलंय गं?" अक्का ओट्यावरून म्हणाली.

"माझंच अक्का. किडे झालेत, बॅरल धुतेय."

"आगं... पानी सांडू न्हाई बाई. पाप लागतंय."

रिकामं झालेलं अक्काचं बॅरल तिच्या जागेवर नेलं आणि माझ्या बॅरलमधलं पाणी घागरीनं त्यात ओतलं, तिला कळू नये म्हणून. मग जाधवांचं बॅरल उचललं. हलकं होतं, एका हातात आलं. खांबाजवळ नीट उभं केलं, नाव रस्त्याकडं करून.

साडेनऊला टँकर आला. ड्रायव्हर पाइप सोडत म्हणाला, "वैनी, जाधवाच्यात कोन वारलं?"

"कुणी नाही. चुकून सरकलंय."

"मग भरू का नगं?"

"भर," मी म्हटलं.

भरलं. आणि सवयीनं, खरंच नुसत्या सवयीनं, मी रांगेचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

दोन मिनिटांत पहिला अंगठा आला. जाधवकाकांचा.

काका ग्रुप सोडून गेलेच नव्हते. कोरेगावात बसून गल्लीची प्रत्येक सूचना वाचायचे, प्रत्येक फोटोला अंगठा द्यायचे. आम्ही चेष्टा करायचो, काकांचा अंगठा आला म्हणजे टँकर आला. आणि हे मला त्या सकाळी आठवलं नव्हतं. घर रिकामं होतं, पण घराची माणसं होती. लगेच फोन लावला.

"काय गं लता, पानी आलं व्हय?" काका नेहमीसारखेच, मजेत. "हितं चोवीस तास नळ हाय, पर त्येला आपल्या टँकरची सर न्हाई बग." हसले. काकूंची तब्येत सांगितली, नातवाची शाळा सांगितली. मी हूं हूं करत होते आणि खिडकीतून खांबाकडं बघत होते.

फोन ठेवला तेव्हा दहा वाजायला आले होते.

इथं मला एक गोष्ट लिहायची आहे, नाहीतर बाकीचं सगळं लिहून काही उपयोग नाही. त्या वेळी मी उठून ते बॅरल मागं घेऊ शकत होते. भरलेलं होतं, पण सकाळी कलंडवायला जमलं होतं, तेव्हाही जमलं असतं. मी उठले. दारापर्यंत गेले. अक्का ओट्यावर शेळीला पाला घालत होती, तिच्याशी काहीतरी बोलत होती. मी परत आले आणि मशीनवर बसले. एक बाही तीन वेळा उसवली.

सव्वा वाजता ग्रुपवर काकांच्या नंबरवरून त्यांच्या मुलानं टाकलं. जेवायला बसले होते, ताटावरच गेले.

गल्लीतली चार माणसं रीतीप्रमाणं जाधवांचं बॅरल न्यायला निघाली आणि खांबापाशी येऊन थांबली. "आरं, ह्ये आदीच हितं हाय," एक जण म्हणाला. "भरलंय बी." पवार गुरुजींची सून दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

दिवसकार्य झाल्यावर काकू परत आल्या. मुलानं थांबा म्हटलं, पण म्हणाल्या, माझं घर जतला हाय. पहिल्या संध्याकाळी मी भेटायला गेले, तर फोन काढून मला तो फोटो दाखवायला लागल्या.

"त्यानी मला बलवून दावला बग ह्यो. म्हनले, लता आपल्याला इसरली न्हाई, आपलं बॅरल बी भरून ठिवलंय. मी म्हनलं, आवं ती सुतकाची जागा हाय की. तर हसले. म्हनले, रिकाम्या घराचं बॅरल, कुनीतरी सरकवलं आसंल..." काकूंनी डोळे पुसले. "कुनी सरकवलं गं लता?"

"माहीत नाही काकू," मी म्हटलं.

अक्का बरी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता खांबापर्यंतचं सगळं दिसतं तिला. परवा म्हणाली, "लते, माझ्या मेंढीला पाच पाय हायत व्हय? मला इतकी वरसं ठावंच न्हवतं." हसत होती. तिला हसताना बघितलं की मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटते. दोन्ही एकदमच.

त्यानंतर आजवर कुठलंच बॅरल आपणहून पुढं आलेलं नाही. फोटो टाकणं मी बंद केलं. कारण विचारतात, मी मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगते. माझे गुडघे दुखतात म्हणून टँकरच्या दिवशी जाधवकाकू स्वतःच्या बॅरलमधल्या दोन घागरी माझ्या दारात आणून ठेवतात. नको म्हटलं तर रागावतात. ते पाणी मी पिते.

तुमच्यापैकी कुणी जाणकार असतील तर त्यांनी सांगावं. भरलेली बॅरलं, धुळीत ओरखडाही न उठता, खांबाजवळ कशी आली... मला आजही माहीत नाही, आणि कळेल असं वाटतही नाही. पण ते तीन बॅरलांचं झालं. चौथं कुणी ठेवलं, ते मला माहीत आहे.