कंपासपेट्यांतला गूळ

सातवीची शाळा सुरू व्हायच्या महिनाभर आधी मला मधुमेह निघाला. मे महिन्यात मी घागरीच्या घागरी पाणी पीत होते आणि आंबे खाऊनही वाळत चालले होते. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी रोज सकाळचं इंजेक्शन सुरू केलं आणि आईवडिलांना समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या: गोड बंद, आणि कधी साखर उतरली, अंग थरथरलं, तर लगेच काहीतरी गोड द्यायचं. आईच्या कानात पहिलीच गोष्ट शिरली. दुसरीला तिथे जागाच उरली नव्हती.

आमचं गाव गोव्यातल्या पेडण्याचं, लहानसं. आईने घरोघरी दवंडीच पिटली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मला लिमलेटची गोळी विकायची नाही, शेजारणीने करंजीसारखी गोड नेवरी द्यायची नाही. सकाळी पाव घेऊन येणारा पदेरसुद्धा माझ्याकडे बघून मान हलवायचा. माझ्यावर एवढे पहारेकरी होते, की पूर्वी फिरंग्यांनी किल्ल्यावरही ठेवले नसतील.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी नवा फ्रॉक घालून निघाले, तर आई बरोबर. सरळ वर्गात आली, बाईंची परवानगी घेतली आणि फळ्यापुढे उभी राहून, माझ्याकडे बोट दाखवत मुलींना म्हणाली, "ह्या चेडवाक गोड कायच देव नकात. खाल्ल्यान तर मरतलां."

जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते.

पंधरवडाही झाला नसेल. त्या दिवशी कवायत लांबली आणि मधली सुट्टी उशिरा झाली. बाकावर येऊन बसले तोवर माझे हात थरथरायला लागले होते. घामाने फ्रॉक अंगाला चिकटला, फळा दूर दूर जायला लागला. शेजारच्या मुलीने डबा उघडला होता आणि त्यात खोबऱ्याच्या वड्या होत्या. एक दे ना, असं मी म्हटलं. तिने झाकण लावलं आणि डबा छातीशी धरून रडायला लागली. "तुझ्या आवशीन सांगल्यान हा, गोड दिला तर तू मरतलंस."

दुसरीकडे मागितलं, तिसरीकडे मागितलं. सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला आणि सगळे डबे बंद. माझ्यावरच्या मायेने त्या मला मारायला निघाल्या होत्या. बाई धावत आल्या. चक्कर आलेल्या कुणालाही देतात तसा गरम गोड चहा, तोही हेडमास्तरांच्या टेबलावरचा, त्यांनी माझ्या तोंडात ओतला. घाबरून त्या आईचा हुकूम विसरल्या, हे माझं नशीब.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं तेव्हा आईला दुसरी गोष्ट ऐकू आली. पण घरी येऊन तिने जाहीर केलं, की शाळा पुरे, ही घरीच शिकेल. मी दोन दिवस बोलले नाही, जेवताना तेवढं तोंड उघडलं, कारण इंजेक्शन झालं की जेवावंच लागायचं. शेवटी वडिलांनी मधला मार्ग काढला: महिनाभर शाळेत जाऊ दे, तू व्हरांड्यात बस, मग ठरव. महिन्याने ती काय ठरवणार हे मला ठाऊक होतं.

आईने वर्गात पुन्हा भाषण केलं: थरथरली तर लगेच गोड द्या. मुली गोंधळल्या. आधी दिलं तर मरेल, आता नाही दिलं तर मरेल, मग नक्की काय, असं एकीने विचारलंच. ह्यांना काही कळलेलं नाही, अशी आईची खात्री झाली. ती रोज माडाच्या झावळ्या, आमची चुडतं, घेऊन यायची आणि आमच्या दाराबाहेर त्यांतल्या काड्या, म्हणजे हीर, काढत बसायची. शाळेला केरसुण्या फुकट मिळाल्या. मला मात्र तिचा राग यायचा आणि तिचं वाकलेलं डोकं खिडकीतून दिसलं की रडूही यायचं.

महिना सरत आला. भूमितीच्या तासाला बाईंनी कंपासपेट्या काढायला सांगितल्या आणि पुढच्या बाकावरून मुंग्यांची रांग निघाली. बाई चिडल्या. ती पेटी उघडली तर कागदाच्या पुडीत गुळाचा खडा. दुसरी उघडली, तिच्यातही. मग त्यांनी सगळ्यांनाच पेट्या उघडायला लावल्या. कर्कटक, कोनमापक आणि गूळ. वर्गातल्या एकूण एक मुलीने माझ्यासाठी गूळ आणला होता. माझ्या बाकावरच्या शेजारणीच्या पेटीत तर दोन खडे होते. मला कुणी काही बोललं नव्हतं.

बाईंनी आईला आत बोलावलं. आई बाकांमधून हळूहळू फिरली, प्रत्येक पेटीत डोकावली. माझ्या शेजारणीपाशी ती थांबली. पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "कागदात नको गो, मुंग्यो लागतत. उद्या ह्याच्यावांगडा तुका झाकणाची डबी धाडतंय."

माझ्याबरोबर धाडणार, म्हणजे उद्या ती येणार नव्हती. तिने बाहेर जाऊन हीर बांधले, चुडतं डोक्यावर घेतली आणि पटांगण ओलांडून गेली. मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं. तिने बघितलं नाही.

मी खिडकीकडे बघत रडत होते. शेजारीण जवळ सरकली. "थरथरता काय गो?" तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही. तास संपेपर्यंत तिने आपली पेटी आमच्या दोघींच्या मध्ये उघडीच ठेवली.