डावीकडे झिजलेला कडप्पा

बेलापूरची आमची सोसायटी पाडण्याआधी तिच्या दारं-खिडक्यांना क्यूआर कोडची स्टिकरं लावण्याचा समारंभ झाला. मांडव, नारळ, हार. चेअरमनसाहेब 'पुनर्वापर' हा शब्द इतक्यांदा वापरत होते की त्याचाही झालाच. योजना मात्र साधी होती. जे पुन्हा वापरता येईल ते जपून काढायचं, कोड लावून कामोठ्याच्या गोदामात ठेवायचं आणि प्रत्येक घराने आपली एक वस्तू परत न्यायची. आईने स्वयंपाकघरातल्या ओट्याचा काळा कडप्पा मागितला. जुन्या घरातलं तिला तेवढंच हवं होतं.

निघायच्या दिवशी तिने ओटा घासून लख्ख केला. खरकटं घर कुणाच्या हाती द्यायचं नाही, ही तिची रीत. नव्या पातेल्याचं स्टिकर काढावं तसं खोबरेल लावून तिने कडप्प्यावरचा कोडही खरवडून टाकला.

"अगं, ती त्याची ओळख होती!"

"मग अशी मधोमध कशाला चिकटवायची?"

गोदामात एका मापाचे कडप्पे भिंतीला टेकवून ठेवलेले. स्कॅनरवाली मुलगी म्हणाली, "आजी, बिनकोडचे बरेच आलेत, सगळ्यांवर तेलाचा डाग. ते उद्या खडी करायला जाणार." आमच्या सोसायटीत आया पुष्कळ होत्या.

"कुठला पण घ्या ना, सगळे सेम आहेत."

"सेम कसे, पोरी?"

आई कडा चाचपत निघाली. सुरीला धार लावून लावून प्रत्येकाची कड झिजलेली, पण उजव्या टोकाला. एकाची मात्र डाव्या. आई थांबली. "हा माझा. मी डावखुरी. सासूबाईंनी उजवी करायचा फार प्रयत्न केला. बरं झालं, जमलं नाही."

मुलगी हसली. नियम सांगून तिला आम्हाला परत पाठवता आलं असतं. तिने नवा कोड काढला, शेऱ्यात 'कड डावीकडे झिजलेली' असं टाइप केलं आणि स्टिकर खालच्या बाजूला चिकटवलं. "बाकीच्या आज्यांना पण फोन करते," ती म्हणाली.

सीवूड्सच्या भाड्याच्या घरात तो कडप्पा आता लोखंडी स्टँडवर आहे. मी अधूनमधून वाकून कोड स्कॅन करतो. शेरा जागेवर असतो. त्या दिवशी निघताना मी मुलीचे आभार मानू लागलो, तर ती म्हणाली, "थँक्यू नको काका. आजींना सांगा, तेल नको."