शंभर मीटरच्या पुढची वायर

आष्ट्याजवळच्या त्या शीतगृहात मी एकाच कामासाठी तिसऱ्यांदा चाललो होतो. विश्रामबागेतल्या घरातून निघतानाच अंग जड झालं होतं. वीस वर्षं मी लोकांच्या ऑफिसात नेटवर्क जोडतोय. पूर्वी शिडी चढताना गुडघ्यांची आठवण होत नसे.

काम साधं होतं. ऑफिसातल्या नेटवर्क स्विचपासून वायर ओढून तीन हॉलमध्ये छताला वायफायचे डबे लावायचे. तिथल्या बायका पोत्यांवरचे कोड मोबाईलनं स्कॅन करत. दोन डबे नीट चालले. मागच्या हॉलमधला मात्र मध्येच बंद पडे, आणि तिथल्या बायकांना सिग्नलसाठी पार दारापर्यंत चालत यावं लागे. मी डबा बदलला, वायरीची टोकं पुन्हा बसवली. मालकांना सांगून मोकळा झालो, की डब्यांचा मालच खराब आलाय.

त्या दिवशी शिडी धरायला तिथले स्टोअरकीपर मामा आले. सैन्यात सिग्नलला, तारा ओढायच्या कामावर नोकरी करून निवृत्त झालेले. वायर किती लांब आहे, त्यांनी विचारलं. नव्वद मीटर असेल, मी म्हणालो.

"मोजली हाय का?"

मोजली नव्हती. पावलांच्या अंदाजानं ओढली होती. या वायरीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. छताजवळचा वाचला, मग ऑफिसात जाऊन दुसऱ्या टोकाचा. फरक एकशे अठ्ठावीस मीटरचा निघाला. शंभराच्या पुढं ती भरवशाची राहत नाही, हे नव्या माणसांना मीच शिकवतो.

मामा हसले नाहीत. "डोंगरात आमी बी कवा कवा अंदाजानंच टाकायचो," ते म्हणाले. "दमल्यावर माणूस मोजत न्हाई."

मालकांकडे जाऊन चूक माझी आहे, डबा चांगला होता, असं सांगितलं. त्यांनी आज होईल का, एवढंच विचारलं.

वायर वाटेत मामांच्या स्टोअरच्या खोलीवरून गेली होती. तिथं ती तोडून मध्ये एक छोटा नेटवर्क स्विच बसवला, म्हणजे दोन्ही तुकडे शंभराच्या आत आले. दुपारपर्यंत मागचा हॉल सुरू झाला. तासभर थांबलो, काही अडलं नाही.

निघताना एक वयस्कर बाई म्हणाली, "बरं झालं बाबा. पाय लय भरून यायचं."

त्या फेऱ्या माझ्या न मोजलेल्या वायरीमुळं होत्या, हे तिला माहीत नव्हतं. गाडीपाशी आलो, पण चावी न लावता बराच वेळ शेजारच्या पायरीवर बसून राहिलो.