रफीकभाऊंची मोठी मेमरी

चार माणसं एकाच खोलीत, एकाच कूलरसमोर काही वर्षं बसली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपोआप साठतात. चंद्रपूरच्या आमच्या भाषांतराच्या ऑफिसातलेही असेच साठले. फरक एवढाच की ते ऐकून लोक हसतात आणि मी खाली चपलेकडे बघत राहते.

ऑफिस रफीकभाऊंचं. आधी त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. नवं शतक लागलं तसे कॉम्प्युटर आले, मग भाषांतराचं सॉफ्टवेअर. त्यात प्रत्येक प्रकारच्या कामाची एक 'मेमरी' असायची. आम्ही केलेलं प्रत्येक वाक्य तिच्यात जमा व्हायचं, आणि पुन्हा तसंच वाक्य आलं की जुनं भाषांतर समोर यायचं. छान चाललं होतं. पण रफीकभाऊंच्या डोक्यात आलं, बँकेची वेगळी, दवाखान्याची वेगळी, मशीनची वेगळी, इतक्या मेमऱ्या कायले? त्यांनी सगळ्या एकात ओतल्या!

"जितकी मोठी मेमरी, तितकं दिमाग तेज!"

त्या दिवसापासून एकेक वाक्य उघडायला चहा उकळायचा वेळ लागायला लागला.

*

नागपूरहून एक साहेब मोठं काम घेऊन आले. रफीकभाऊंनी नवा शर्ट घातला होता. त्यांनी ऐटीत बटण दाबलं. स्क्रीनवर वाळूचं घड्याळ. साहेबांचा चहा झाला, पान झालं, घड्याळ तसंच!

"सोच रहा है, साहब," रफीकभाऊ म्हणाले.

साहेब उठले. "त्याचं सोचून झालं की कळवा."

त्यांची जीप वळली आणि स्क्रीनवर भाषांतर उमटलं: 'आपले स्वागत आहे.'

*

आमच्यात देवगडे सर होते, रिटायर्ड मास्तर, व्याकरणाचे कडक. एकदा मेमरीनं दिलेलं वाक्य वाचून ते भडकलेच. "कोन्या गध्यानं लिहिलं हे? कर्त्याचा क्रियापदाशी काही संबंध नाई!"

सॉफ्टवेअर भाषांतर करणाऱ्याचं नावही दाखवायचं. त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या कुसुमनं हळूच त्या नावावर बोट ठेवलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव त्यांचंच राहिलं. त्या दुपारी सरांनी डबा उघडला नाही.

*

मेमरीची साफसफाई केली तर वेग वाढेल, असं कोणीतरी सांगितलं. साफसफाई सुरू केली की अर्ध्यात लाईट जायची, आणि परत पहिल्यापासून! खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या.

"धूर आपल्याले, लाईट मुंबईले!" रफीकभाऊ ओरडायचे.

एका गिऱ्हाईकाचा फोन आला, किती झालं? कुसुम खोटं बोलणारी नाही. साफसफाईचा आकडा बघून म्हणाली, "सकाळी नव्वद टक्के झालं होतं. आता चार टक्के हाये."

पलीकडून आवाज आला, "काऊन बाई, काम उलटं चालून राह्यलं का?"

*

आणि हा किस्सा कुरखेड्याकडच्या गावांतला. लहान मुलांच्या हगवणीवर एक पत्रक होतं, मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते. काम घाईचं होतं. मेमरीनं कुठल्याशा पंपाच्या पुस्तकातलं वाक्य मधेच बसवलं, आणि ते आमच्यापैकी कोणीच न बघता छापून गेलं: 'पाणी उकळा. थंड झाल्यावर इंजिन सुरू करा. मग बाळाला चमच्याने पाजा.'

कळलं तेव्हा पत्रकं गावोगाव पोचली होती. ती परत आणायला रफीकभाऊंनी मला आणि कुसुमला पाठवलं. कुसुमचं माहेर तिकडचंच.

एका गावात अंगणवाडीच्या पायरीवर एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. पत्रक मागितलं तर देईना.

"हे माह्याजवळच राहू द्या. यानंच वाचलं माहं पोरगं."

"पत्रकात सांगितलं तसं पाणी दिलं?" कुसुमनं विचारलं.

"मंग! अंगणवाडीच्या बाईनं वाचून दाखवलं. आमच्या घरी इंजिन कुठी हाये? पाटलाच्या धानाच्या बांदीत हाये. पोराले कडेवर घेतलं अन् तिथी गेली. पाटलाच्या पाया पडली, तवा त्यानं चालू केलं. मंग पाजलं. दर बारीले जा लागे. पण भल्ला गुण आला, बाई!"

नातू माझ्या ओढणीशी खेळत होता. म्हातारी जवळ सरकली, आणि पाटलाला ऐकू जाईल की काय अशा भीतीनं हळूच म्हणाली,

"एक सांगा. पुढच्या टायमाले इंजिन दुरून नुसतं आयकू आलं, तं चालन का?"