आगीचा बाटला आणि माझं प्रवाळ

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या सिडकोतल्या घरी नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, आणि मी बैठकीच्या खोलीत समुद्र पाळला होता. लोक मला वेडी म्हणायचे. म्हणोत बापडे. चार फुटी काचेची टाकी, आत खारं पाणी, दगड, दोन मासे आणि जांभळ्या टोकांचं एक जिवंत प्रवाळ. आणलं तेव्हा बोटाएवढं होतं, तीन वर्षांत ओंजळीएवढं झालं. बँकेतून आले की पर्स खाली ठेवायच्या आधी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची.

प्रवाळाला वाढायला चुना लागतो. तो द्यायचा एक मार्ग म्हणजे दर आठवड्याला टाकीतलं पाणी बदलणं. पण मीठ कालवायला शुद्ध पाणी लागतं, आणि फिल्टरमधून एक बादली शुद्ध पाणी मिळवताना दोन बादल्या बाहेर जातात. आमच्याकडं सगळ्या घराला आठवडाभर तीन ड्रम. सासऱ्यांनी ते बदलणं कधीच बंद करून टाकलं होतं, आणि खरं सांगते, त्यांचं चुकत नव्हतं. दुसरा मार्ग रिअ‍ॅक्टरचा. बंद नळकांड्यात मेलेल्या प्रवाळाचे तुकडे भरायचे, टाकीचं पाणी त्यातून फिरवायचं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. पाणी किंचित आंबट होतं, तुकडे विरघळतात आणि तोच चुना टाकीत जातो. मी तो स्वतः जुळवला होता, आणि दोन वर्षं बिनतक्रार चालला.

गॅस भरून द्यायचे गुलमंडीच्या मागचे एक सोडावाले चाचा. त्या उन्हाळ्यात पाण्याअभावी त्यांचा सोडाच बंद पडला. मी काय गप्प बसते? चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आग विझवायचे सिलिंडर भरणारा एक जण गाठला आणि त्याच्याकडून भरलेला सिलिंडर उचलून आणला. गॅस तर तोच, असं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

शनिवारी सकाळी बुडबुडे आधी भसाभस सुटले, मग एकदम बंद. बघते तर सिलिंडरच्या रेग्युलेटरवर पांढराशुभ्र बर्फ. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि माझ्या घरात बर्फ! नखानं खरवडून बघितलं, हसायला आलं. दुपारपर्यंत हसू मावळलं.

रविवारी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. गळती नाही. सोमवारी वॉशर बदललं. मंगळवारी बुडबुड्यांचा बारीक वॉल्व्ह खोलला, पुसला, केस वाळवायच्या यंत्रानं सुकवला. दर वेळी तासभर चालायचं, मला वाटायचं जिंकले, आणि पुन्हा बर्फ. खोटं कशाला बोलू, मला मजाही येत होती. बँकेत व्हाउचर तपासताना डोक्यात वॉल्व्हच फिरत असायचे. पण प्रवाळाची टोकं फिकट पडायला लागली होती.

सासरे रोज बघत होते. मंगळवारी म्हणाले, "गुरुवारी नळ येईपर्यंत हे चालू झालं नाही, तर हा पसारा घरातून गेला पाहिजे. माणसांना प्यायला नाही, आणि इथं मिठाचं पाणी करून ठेवलंय." नवरा आमच्या दोघांच्या मध्ये कधी पडायचा नाही, तो पेपरात डोकं घालून बसला. माझं डोकं फिरलं. माझ्या टाकीवर बरेच दिवस डोळा ठेवून असलेला पुण्याचा एक जण होता. त्याला तिथल्या तिथं फोन लावला, "गुरुवारी या आणि घेऊन जा." फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले.

बुधवारी बँक सुटल्यावर सिलिंडर रिक्षात घालून चाचांकडं गेले. त्यांनी एकदाच टिचकी मारली आणि हसले. "बाई, ये तो आग का बाटला हय. याच्या पोटात तळापर्यंत नळी असते. आगीवर जोरात मारायला तळातला पातळ गॅस लागतो ना. सोड्याच्या बाटल्यात नळी नसते, वरचा नुसता वायू येतो. तुमच्या मशीनमधे पातळ गॅस घुसतोय, तोच गोठतोय."

"मग आता?"

"उलटा करके बांध देव. नळीचं तोंड वर जाईल."

चार दिवस मी वॉल्व्ह धूत बसले होते, आणि दोष सिलिंडरच्या पोटात!

गुरुवारी बँकेत रजा टाकली आणि सकाळीच खिडक्या उघडल्या. रिकाम्या रांजणाची लोखंडी तिवई ओढली. सिलिंडर उलटा धरायला दोन माणसं लागणार होती. नवरा ड्युटीवर गेलेला. सासरे पुढं आले आणि त्यांनी तो धरला. मी दोरीचे वेढे द्यायला लागले, आणि तेवढ्यात मोरीतला नळ खळखळला.

"बाबा, जा तुम्ही, पाणी भरा."

"आधी बांध."

"नळ जाईल."

"बांध म्हणतो ना."

थेंब थेंब जपणारा तो माणूस दहा मिनिटं हलला नाही. नळ नुसता वाहत होता. गाठ पक्की झाल्यावरच ते मोरीकडं पळाले.

वॉल्व्ह उघडला. एक बुडबुडा. दुसरा. तासाभरानंही बर्फ नाही. दोन तासांनी नळकांड्यातल्या पाण्याचा पीएचचा आकडा हवा तिथं उतरला, म्हणजे पाणी आंबट होऊन तुकडे विरघळत होते. मी अक्षरशः नाचले. मग येऊ नका सांगायला पुण्याच्या माणसाला फोन लावला, तर तो तोवर निम्म्याहून जास्त वाट कापून नेवाशाच्या पुढं आला होता.

अकरा वाजता तो थर्मोकोलचे खोके घेऊन दारात. त्यानं रीतीनं घरातल्या मोठ्या माणसाला विचारलं, "काका, घेऊन जाऊ ना?"

सासरे ओल्या धोतरानं ड्रमवर झाकण ठेवत होते. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. "मला काय विचारता? टाकी तिची आहे. तिला विचारा."

मी नाही म्हणाले. त्या घरात मी नाही तसं पुष्कळदा म्हटलं होतं. ते ऐकून कुणी परत गेलं, असं मात्र पहिल्यांदाच घडलं.